चढाई कोणाच्या वाट्याला

जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ या गावी अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी गावाबाहेरच्या शेतात घटमांडणी होते. वर्तुळाकार घटात अठरा प्रकारची धान्ये मांडतात, मध्यभागी खड्डा करून त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे ठेवतात, त्यांवर पाण्याने भरलेली घागर आणि घागरीवर पापड, कुरडई, करंजी अशी सामग्री रचतात. रात्रभर त्या बाजूला कोणी फिरकत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वाघ महाराजांचे वंशज त्या मांडणीत रात्रीतून झालेला बदल पाहून पाऊस, पीक आणि राज्यकारभार यांचे भाकीत सांगतात. चंद्रभान महाराज वाघ यांच्यापासून चालत आलेल्या या प्रथेचे भाकीत ऐकण्यास केवळ बुलढाणा जिल्ह्यातूनच नव्हे, तर साऱ्या वऱ्हाडातून आणि शेजारच्या खानदेशातूनही शेतकरी येतात, आणि ज्याने आपले सर्वस्व आभाळाच्या हवाली केलेले असते त्याने आभाळाचा मनसुबा आगाऊ जाणून घेण्यासाठी धडपडावे यात मला काहीही गैर वाटत नाही.

परंतु याच जिल्ह्यात मोताळा तालुक्यात नळगंगेचे धरण आहे, आणि त्याच्या कालव्यावर ज्याचे शेत आहे त्याची चिंता थोडी निराळी असते. पाणी आहे, हे त्याला ठाऊक असते. जलाशय भरल्याचे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. त्याचा प्रश्न एवढाच की पाटाचे आवर्तन केव्हा सुटणार, आपली पाळी कितवी येणार, आणि वरच्या शेतांनी तहान भागवल्यावर पाटाच्या शेपटाकडे काय उरणार. दोन शेतांची जमीन सारखीच काळी, बियाणे सारखेच, कष्टही सारखेच, आणि तरीही एका शेतात गहू छातीएवढा आणि दुसऱ्यात गुडघ्याएवढा, असा फरक पडतो तो आभाळाच्या लहरीमुळे नव्हे, तर पाणी वाटणाऱ्या माणसाच्या शिरस्त्यामुळे. पाऊस आणि पाळी यांतला हा भेद वाचकांनी मनात धरून ठेवावा, कारण पुढे ज्या खेळाची हकीकत सांगायची आहे तिचा सारा उलगडा या एका भेदात आहे.

सन १९६२ मध्ये अमेरिकेतील ओकलंड रेडर्स या फुटबॉल संघाचे एक भागीदार विल्फ्रेड विंकेनबाख यांनी न्यूयॉर्कमधील एका हॉटेलात काही मित्रांसह एका नव्या करमणुकीचे नियम लिहून काढले. प्रत्येकाने निरनिराळ्या संघांतील खऱ्या खेळाडूंमधून निवड करून आपला एक कागदी संघ बांधायचा, आणि ते खेळाडू मैदानात प्रत्यक्ष जी कामगिरी करतील तिचे गुण आपापल्या कागदी संघाच्या खाती जमा करायचे. हीच पुढे जगभर पसरलेली फॅन्टसी फुटबॉलची कल्पना होय. आपल्याकडे ती आली क्रिकेट आणि कबड्डी यांच्या रूपाने, आणि पैसे लावून खेळण्याचे तिचे जे स्वरूप माजले होते त्याला संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली. तो निर्णय मला योग्य वाटतो, कारण गावोगावच्या तरुणांचे हिशेब त्या नादात कसे बिघडत हे पाहणाऱ्यांनी पाहिलेले आहे. मात्र पैसा वजा केल्यावर जे उरते, म्हणजे एखाद्या खेळाडूचे खरे मोल कशावरून ठरते याचा विचार, तो बुद्धीला उत्तम व्यायाम देणारा आहे, आणि या प्रकरणाचा विषय तेवढाच आहे.

अमेरिकी फुटबॉलमध्ये ‘रनिंग बॅक’ म्हणून एक गडी असतो. चेंडू हाती घेऊन समोरच्या तटबंदीत शिरायचे आणि पाडले जाईपर्यंत जितके यार्ड पुढे जाता येईल तितके जायचे, हे त्याचे मुख्य काम. कागदी संघाच्या सर्वसाधारण हिशेबात त्याला दर दहा यार्डांना एक आणि चेंडू अंतिम रेषेपार नेल्यास सहा असे गुण मिळतात. तेव्हा सर्वांत वेगवान आणि बलवान धावक तो सर्वांत मोलाचा, असे प्रथमदर्शनी वाटणे स्वाभाविक आहे. आणि नवखा मनुष्य तेथेच फसतो, कारण चेंडू धावकाच्या हाती आपोआप येत नाही, तो कोणीतरी द्यावा लागतो, आणि किती वेळा द्यायचा याचा हुकूम प्रशिक्षकाचा असतो.

डेन्व्हर संघाचे माजी प्रशिक्षक माइक शॅनाहन यांचे उदाहरण त्या देशात आजही दिले जाते. सहाव्या फेरीत, म्हणजे बहुतेक संघांनी नाकारल्यावर, निवडला गेलेला टेरेल डेव्हिस त्यांच्या हाताखाली १९९८ च्या हंगामात २००८ यार्ड धावला. पुढल्याच वर्षी त्याचा गुडघा दुखावला, तेव्हा त्याच्या जागी आलेल्या ओलांडिस गॅरीने ११५९ यार्ड काढले. त्यानंतरच्या वर्षी माइक अँडरसन या आणखी एका सहाव्या फेरीतल्या गड्याने १४८७. आणि २००२ मध्ये क्लिंटन पोर्टिसने १५०८. माणसे बदलत गेली, पीक तेच राहिले. शॅनाहन यांची तटबंदी फोडण्याची पद्धत आणि धावकावर भार टाकण्याची सवय हीच त्या शेताची खरी पाळी होती.

याच्या उलट टोकाला न्यू इंग्लंड संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक बिल बेलिचिक. १६ नोव्हेंबर २०१४ रोजी इंडियानापोलिसविरुद्ध त्यांनी जोनस ग्रे या फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या धावकाच्या हाती ३७ वेळा चेंडू दिला, आणि त्याने २०१ यार्ड धावून चार वेळा अंतिम रेषा ओलांडली. देशभरच्या कागदी संघचालकांनी त्याला आपल्या संघात घेण्यासाठी एकच धाव घेतली. त्याच आठवड्यात तो झोप न उघडल्यामुळे सरावाला उशिरा पोहोचला, आणि पुढच्या रविवारी त्याला एकदाही मैदानात उतरवले गेले नाही; त्याच्या ठिकाणी नुकताच परत घेतलेला लगॅरेट ब्लंट दोनदा अंतिम रेषेपार गेला. ग्रेचे पाय त्या सात दिवसांत दुबळे झाले नव्हते. ज्या प्रशिक्षकाने कोणत्याही एका धावकाला कायमची सनद कधी दिलीच नव्हती, त्याच्या स्वभावाकडे लोकांनी लक्ष दिले नाही, इतकेच. हा प्रसंग वाचताना त्या तरुणाविषयी मला आजही वाईट वाटते.

आता आपल्या मातीकडे वळू. चेंडूच्या जागी दम धरला, आणि तटबंदीच्या जागी साखळी धरून उभे राहिलेले सात गडी धरले, की रनिंग बॅकचा सख्खा भाऊ आपल्याला हुतुतूच्या मैदानात भेटतो. तो म्हणजे चढाईपटू. हा खेळ वऱ्हाडाला परका नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याची प्रात्यक्षिके परदेशी प्रेक्षकांना दाखवली होती. शंकरराव तथा बुवा साळवी यांनी या खेळाला शिस्त आणि संघटना मिळवून देण्यासाठी आयुष्य वेचले, आणि त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. २०१४ च्या जुलैमध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली, तेव्हा खेड्यातल्या खळ्यावर वाढलेला हा खेळ मॅटवर आणि दूरचित्रवाणीवर गेला, आणि त्याच्या पाठोपाठ कागदी संघांचा हिशेबही आला.

या हिशेबाचे मूळ अंकगणित अगदी सोपे आहे. सामना चाळीस मिनिटांचा, चढाई जास्तीत जास्त तीस सेकंदांची. म्हणजे प्रत्येक चढाई पुरी वेळ खाणारी धरली तरी एकूण ऐंशी, आणि एका बाजूच्या वाट्याला चाळीसच्या आसपास. या चाळीस चढाया म्हणजे संघाच्या तलावातले पाणी. ते कोणाला किती द्यायचे, हे वाटप संघागणिक निराळे असते. समजा एका गड्याला दहा चढाया मिळाल्या आणि त्यांतल्या पाच फळल्या, व दुसऱ्याला वीस मिळाल्या आणि आठ फळल्या. कौशल्यात पहिला सरस, यात वाद नाही. पण ताळेबंदात दुसरा पुढे.

परंतु कबड्डीत या हिशेबाला एक असे वळण आहे जे अमेरिकी खेळात नाही, आणि तेथे थोडे थांबले पाहिजे. पकडला गेलेला चढाईपटू बाद होऊन बाहेर बसतो, आणि आपल्या संघाने समोरचे गडी बाद केले की एकेका बाद गड्यामागे एकेक गडी जिवंत होतो, तोही बाद झालेल्यांच्या क्रमाने. म्हणजे मुख्य चढाईपटूची पुढची चढाई केव्हा येणार हे त्याच्या स्वतःच्या हाती राहतच नाही. ते त्याच्या संघातल्या कोपरारक्षकांच्या आणि मध्यरक्षकांच्या पकडीवर, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चढाईपटूच्या हिमतीवर अवलंबून असते. ज्या प्रशिक्षकाने आपला सारा पैसा आणि सारी तालीम एकाच चढाईपटूवर खर्ची घातलेली असते, त्याचा तो हिरा बाद झाला की बाहेर बसून राहतो, कारण त्याला उठवणारे हात दुबळे असतात. आणि ज्याने बचाव आधी बांधला आहे त्याचा साधारण चढाईपटूसुद्धा मिनिटाभरात पुन्हा मैदानात दिसतो. चढाईपटूचे मोल ठरवताना आधी बचावपटूंची यादी वाचावी, असे मी म्हणतो ते यासाठी.

त्यातच प्रशिक्षकाच्या धोरणाचे आणखी पदर मिसळतात. लागोपाठ दोन चढाया निष्फळ गेल्या की तिसरी ‘करो या मरो’ची होते, तीत गुण आला नाही तर चढाई करणारा बाद. काही प्रशिक्षक मुद्दामच पहिल्या दोन चढाया सावधपणे रिकाम्या काढायला लावतात आणि निकाल तिसऱ्या चढाईवर सोपवतात. त्यांच्या संघात मुख्य गडी कोण यापेक्षा तिसरी चढाई कोणाच्या नावाची हे अधिक महत्त्वाचे. बोनसचा गुण समोर सहा किंवा अधिक बचावपटू असतानाच मिळतो, म्हणून बोनस रेषेवर पाय टाकण्यात निष्णात गडी भरल्या मैदानात पाठवला जातो आणि मैदान विरळ होताच मागे ठेवला जातो. आपले तीन किंवा कमी गडी उरले असता केलेल्या पकडीला, म्हणजे अव्वल पकडीला, दोन गुण असतात. तेव्हा लोण चढण्याच्या, म्हणजे सारा संघ बाद होण्याच्या, उंबरठ्यावरचा धूर्त प्रशिक्षक स्वतःच्या चढाया रिकाम्या घालवून समोरच्याची चढाई यायची वाट पाहतो, आणि त्या मिनिटांत त्याच्या चढाईपटूच्या खात्यावर शून्याखेरीज काही पडत नाही. प्रेक्षकाला तो गडी निस्तेज वाटतो. वस्तुतः तो हुकूम पाळत असतो.

पाटणा पायरेट्सचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. २०१७ च्या पाचव्या हंगामात राममेहर सिंग यांच्या मार्गदर्शनाखाली प्रदीप नरवाल याने चढायांचे ३६९ गुण मिळवले. बाद फेरीत हरियाणा स्टीलर्सविरुद्धच्या एकाच सामन्यात ३४. त्याची ती डुबकी, समोरच्यांच्या हाताखालून सरपटत निसटण्याची ती विद्या, अद्वितीय होतीच. पण तिला वारंवार संधी देणारा संघही त्याच्याभोवती रचला गेला होता. पुढे २०२१ च्या लिलावात यूपी योद्धाने प्रदीपला १ कोटी ६५ लाखांना घेतले. तेथे सुरेंदर गिल हा दुसरा समर्थ चढाईपटू होता, चढाया दोघांत वाटल्या गेल्या, आणि हंगामाअखेर दोघांचेही चढाईगुण दोनशेच्या थोडे आत राहिले. आणि पाटणा? राममेहर सिंग तेव्हाही त्या संघापाशी होते, पण या वेळी त्यांनी एकच दैवत स्थापले नाही. सचिन, गुमान सिंग, मोनू गोयत, प्रशांत राय यांच्यात त्यांनी चढाया विभागल्या, इराणच्या मोहम्मदरझा शादलूच्या भोवती पकडीची भिंत उभी केली, आणि तो संघ साखळीत अव्वल राहून अंतिम सामन्यात दबंग दिल्लीशी ३६-३७ असा केवळ एका गुणाने हरला. तोच प्रशिक्षक आणि तोच संघ, पण मनुष्यबळ पाहून कारभार बदललेला. तेव्हा प्रशिक्षकाची सवय म्हणजे दगडावरची रेघ असे मानू नये. चांगला पाटकरीसुद्धा जलाशयाची पातळी पाहून आवर्तने बदलतो.

महाराष्ट्राच्या अभिमानाची गोष्ट म्हणजे वाटपाची ही कला सर्वांत सुरेख साधली ती पुणेरी पलटणने. बी. सी. रमेश हे तेव्हा त्यांचे प्रशिक्षक होते, आणि अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातला अस्लम इनामदार हा कर्णधार. दहाव्या हंगामात अस्लम, मोहित गोयत, पंकज मोहिते आणि आकाश शिंदे असे चढाईपटू असताना त्यांपैकी कोणा एकावर संघ टेकलेला नव्हता. साखळीत ते पहिले आले, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून त्यांनी प्रथमच विजेतेपद मिळवले. त्या सामन्यात पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण मिळवून पारडे फिरवले. पण हाच पंकज त्या सामन्यात किती चढाया करील, हे कागदी संघ मांडणाऱ्याला आधी छातीठोकपणे सांगता आले नसते. खऱ्या संघाला वरदान ठरणारी वाटणी कागदी संघाला मात्र फसवी ठरते, आणि हे दोन हिशेब एक नव्हेत, हे ज्याला उमगले त्याला हा विषय निम्मा कळला.

त्याच हंगामात दुसऱ्या बाजूला पवन सेहरावत. तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले. त्याने दोनशेहून अधिक चढाईगुण मिळवले, म्हणजे कागदी संघवाल्यांना त्याने दगा दिला नाही. परंतु त्याचा संघ केवळ दोन सामने जिंकून तळाशी राहिला. एकट्या माणसाने सारे ओझे डोक्यावर घेऊन चालत राहावे आणि गाडा मात्र रुतलेलाच असावा, हे दृश्य पाहणे क्लेशदायक होते. आणि दिल्लीत नवीन कुमार जायबंदी होताच त्याच्या वाट्याच्या चढाया आशु मलिककडे आल्या, आणि तो त्या हंगामातला सर्वोत्तम चढाईपटू ठरला. डेन्व्हरच्या गॅरीची आणि अँडरसनची गोष्ट सातासमुद्रापलीकडे, मॅटवर, पुन्हा घडली.

चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईचे उदाहरण मला विशेष बोलके वाटते. २०१८ साली यू मुम्बाकडून त्याने पदार्पणातच दोनशेहून अधिक चढाईगुण मिळवले, आणि पुढल्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना नेले. गाव बदलले, पोशाख बदलला, सहकारी बदलले, तरी गुण पुन्हा दोनशेच्या पुढेच. त्याच्या बलदंड चढाईला याचे श्रेय आहेच. पण पहिल्या वर्षी यू मुम्बाचे जे इराणी प्रशिक्षक होते, ते गुलामरझा मझंदरानी, तेही त्या वर्षी टायटन्सकडे आले होते. लिलावाच्या बातम्यांत खेळाडूची किंमत ठळक अक्षरांत छापली जाते आणि प्रशिक्षकाची बदली आतल्या पानावर जाते. जाणत्याने आतले पान आधी उघडावे.

अर्थात प्रशिक्षकाचा स्वभाव वृत्तपत्रांतून अर्धाच कळतो. तो पाहायचा असेल तर आपल्या जिल्ह्यात सोयाबीन निघाल्यावर आणि कपाशीची वेचणी मध्यावर आल्यावर गावोगाव रात्री दिव्यांच्या उजेडात जे कबड्डीचे सामने होतात, तेथे वही घेऊन बसावे. मी बसतो. वहीत गुण लिहीत नाही. ते टेबलापाशी बसलेले गुणलेखक लिहितातच. मी प्रत्येक चढाईला गड्याच्या नावापुढे एक रेघ ओढतो, ‘करो या मरो’ची असेल तर आडवी, आणि बाद होऊन बाहेर बसलेल्या गड्याच्या नावाभोवती तो उठेपर्यंत गोल करून ठेवतो. असे दोन-तीन सामने झाले की वस्ताद कागदावर दिसू लागतो. कोणी मागे पडला की आपल्या भरवशाच्या एकाच गड्याला धाडत राहतो, कोणी आघाडी मिळताच कोवळ्या पोरांना आत सोडतो, आणि कोणी वेळेवर तालमीला न आलेल्याला उपांत्य सामन्यातही बसवून ठेवतो.

आणि त्या रेघांच्या मध्ये एखादे नाव असे सापडते की ज्याच्यापुढे तीन सामन्यांत चारच रेघा आहेत, पण चारही फळलेल्या. असा मुलगा रेषेबाहेर उकिडवा बसलेला असतो, अंगाला माती लागलेली, पायाची बोटे मातीत रुतवलेली. समोरचे बचावपटू साखळी कशी धरतात याकडे त्याचे लक्ष नसते. तो वस्तादांच्या उजव्या हाताकडे पाहत असतो. तो हात कर्णधाराच्या दिशेने वळतो, कर्णधार मान हलवून मध्यरेषा ओलांडतो, आणि मुलगा बोटे थोडी आणखी खोल रुतवतो. माझ्या वहीत कर्णधाराच्या नावापुढे एकोणिसावी रेघ पडते.